मातीशी नाते सांगणारी फुले : चार्ल्स डार्विन आणि जमिनीवरील आमरी

चार्ल्स डार्विन हे नाव उच्चारले की सामान्य सुशिक्षित वाचकाच्या मनासमोर दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक, पांढरी शुभ्र दाढी असलेला धीरगंभीर वृद्ध. आणि दुसरी, माकड व माणूस यांच्या नात्यावरून उठलेला मोठा गदारोळ. त्या गदारोळात या थोर पुरुषाच्या आयुष्यातील एक शांत, हिरवे दालन बहुतेकांच्या नजरेतून निसटून जाते. हे दालन म्हणजे खेड्यातील घराभोवतीची त्यांची बाग आणि तेथून जवळच एका उतारावर गवतात उगवणारी आमरीची, म्हणजे ऑर्किडची, फुले. आपल्या सर्वाधिक गाजलेल्या ग्रंथानंतर या संशोधकाने पुढचा ग्रंथ लिहिला तो माणसावर नव्हे, माकडावरही नव्हे, तर या फुलांवर. त्यांच्या जीवनाच्या या बाजूचा परिचय वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमरी म्हटले की झाडाच्या फांदीला बिलगलेली, लोंबत्या घोसांची फुले आपल्या डोळ्यांपुढे येतात. सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी ही नावे कोकणातून वा घाटमाथ्यावरून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना परिचित आहेत. परंतु आमरीच्या कुळात आणखी एक शाखा आहे. ती झाडाचा आश्रय न घेता थेट जमिनीत कंद रोवून वाढते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीला चिकटलेले एखाददुसरे पान आणि त्यातून वर आलेले पांढरे फूल दिसते, ती आषाढ आमरी याच शाखेची. मध्य प्रदेशातील जंगलांतही तिच्या बहिणी पावसाळ्यात गवतातून डोके वर काढतात, आणि अमरकंद या नावाने वैदू ज्याचा शोध घेतात तो कंदही याच कुळातला. युरोपातील जमिनीवरच्या आमरी कडाक्याची थंडी सोसून भूगर्भात निजतात. आपल्याकडच्या वैशाखाचा वणवा सोसून निजतात. ऋतू निराळा, पण कणखरपणा एकच.

आता गढ्याचा प्रश्न. जबलपूरचा हा जुना भाग, गोंड राजांची ही पुरातन राजधानी, १७८१ साली सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आली. मराठी माणसे या प्रदेशात तेव्हापासून येत राहिली. कोणी सरदार-कारकुनांच्या लवाजम्यासोबत, कोणी पुढे रेल्वे, तोफखान्याचे कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्या नोकरीनिमित्त. येताना त्यांनी देशाकडची झाडे आणली. आमच्या परिसरात मराठी घर ओळखायचे असेल तर दारावरची पाटी वाचण्याचे कारण पडत नाही. अंगणातला सोनचाफा, अनंत, बकुळ वा अबोलीचा ताटवा ते सांगून टाकतो. ही सारी झाडे येथे रुजली, फोफावली, त्यांच्या फांद्या शेजारच्या घरी गेल्या. परंतु हौशी मंडळींनी सह्याद्रीतून वा पचमढीहून मोठ्या प्रेमाने आणलेले जमिनीवरील आमरीचे कंद मात्र पहिल्या वर्षी फुलतात, दुसऱ्या वर्षी नुसते पान दाखवतात आणि तिसऱ्या वर्षी नाहीसे होतात. पाणी घातले, सावली केली, खत दिले, तरी व्यर्थ. असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराची पहिली चाहूल ज्याला लागली, तो पुरुष म्हणजे चार्ल्स डार्विन.

चार्ल्स यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित डॉक्टर होते. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. शाळेत हा मुलगा चमकला नाही. भुंगे गोळा करणे, पक्ष्यांमागे हिंडणे यांतच त्याचा जीव रमे. वडिलांनी १८२५ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्याला एडिंबरोला धाडले. परंतु भूल देण्याचे औषध नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहणे त्याला असह्य झाले, आणि दोन वर्षांत तो अभ्यास सुटला. धर्मोपदेशक तरी व्हावे म्हणून १८२८ साली केंब्रिजला रवानगी झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी आमच्या जबलपूरच्या टेकडीवर स्लीमन यांना पुराणकालीन महाकाय प्राण्याची अश्मीभूत हाडे सापडली होती. जुन्या सृष्टीच्या खुणा जमिनीतून वर येऊ लागल्या होत्या. त्यांचा अर्थ लावणारा मात्र अजून केंब्रिजच्या कुरणांत भुंगे वेचत होता.

केंब्रिजला त्याला हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांचा सहवास लाभला. गुरूने शिष्याची निरीक्षणशक्ती ओळखली आणि जगप्रवासाला निघणाऱ्या बीगल या जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून त्याचे नाव सुचवले. २७ डिसेंबर १८३१ रोजी हे जहाज निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. दक्षिण अमेरिकेची अरण्ये, गॅलापागोसची बेटे, ऑस्ट्रेलिया हे सारे पाहून आलेल्या या तरुणाने त्यानंतर पुन्हा कधीही इंग्लंडचा किनारा सोडून परदेशी पाऊल ठेवले नाही. १८३९ साली मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८४२ च्या सप्टेंबरात हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहण्यास आले. लंडनपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या या गावी त्यांनी उरलेली चाळीस वर्षे काढली.

डाउनची जमीन फारशी मोहक नव्हती. वर चिकणमाती व गारगोट्या, खाली चुनखडीचा पांढरा थर. प्रारंभी पतिपत्नींना हा परिसर उदासवाणा वाटला होता. परंतु अशा चुनखडीच्या उतारांवर, पातळ मातीच्या गवतात, जमिनीवरील आमरी मुबलक उगवतात, आणि त्याच गोष्टीने या जागेचे भाग्य ठरवले. घरापासून जवळच असलेल्या एका उतारावर या फुलांची इतकी गर्दी असे की, घरातील मंडळींनी त्या जागेला आमरीचा उतार असेच नाव ठेवले होते. उन्हाळ्यात आईवडील मुलांना घेऊन तेथे जात. नाना वनस्पती, पक्षी, कीटक आणि ओलसर मातीतले कृमी यांनी गजबजलेल्या एका उताराचे वर्णन करून डार्विन यांनी आपल्या महाग्रंथाची अखेर केली आहे. त्यामागे हीच जागा असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

त्यांची प्रकृती नेहमीच नाजूक असे. पोटाच्या विकाराने ते बेजार होत, दिवसाकाठी दोनतीन तासांपेक्षा अधिक काम होत नसे. १८५१ साली दहा वर्षांची लाडकी कन्या ॲनी गेली. तो घाव कधीच भरून आला नाही. अशा शरीराने आणि अशा मनाने त्यांनी २४ नोव्हेंबर १८५९ रोजी जीवजातींच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ जगापुढे ठेवला. सभांतून वाद झडू लागले. डार्विन मात्र त्या आखाड्यात उतरले नाहीत. ते आपल्या बागेत आणि त्या उतारावर गेले.

१८६० च्या उन्हाळ्यापासून आमरीने त्यांना पुरते वेड लावले. प्रश्न साधा होता. या फुलाची घडण इतकी विचित्र का? पाकळीच्या मागे लांब नळी का, परागाचा सुटा भुगा नसून त्याचे दोन लहानसे गोळे का, आणि त्या गोळ्यांना चिकट बूड कशासाठी? त्यांनी टोक केलेली पेन्सिल हाती घेतली आणि कीटकाच्या सोंडेप्रमाणे ती फुलात हलकेच घातली. बाहेर काढली तेव्हा परागाचा गोळा तिच्यावर शिंगासारखा ताठ उभा चिकटलेला. मग सुमारे अर्ध्या मिनिटात तो गोळा आपोआप पुढे वाकला आणि आडवा झाला. ताठ उभ्या गोळ्याने पुढच्या फुलात केवळ परागकोशालाच धडक दिली असती. वाकलेला गोळा मात्र नेमका स्त्रीकेसराच्या चिकट भागावर टेकतो. हे अर्धे मिनिट म्हणजे कीटकाला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यास लागणारा अवधी. फुलाने जणू काळाचेही गणित केले होते.

हा प्रयोग करण्यास वेधशाळा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक पेन्सिल आणि वाट पाहण्याची तयारी एवढेच लागते. त्यांचे दुसरेही प्रयोग असेच घरगुती होते. एका रोपावर त्यांनी घंटेच्या आकाराचे काचेचे झाकण ठेवले आणि लगतची तीन रोपे उघडी ठेवली. उघड्या रोपांतील परागगोळे कीटकांनी नेले. झाकलेल्या रोपातील मात्र जागच्या जागी राहिले. १८६१ च्या उन्हाळ्यात कन्या हेन्रिएटाच्या प्रकृतीसाठी कुटुंब टॉर्की या समुद्रकाठच्या गावी राहिले होते. तेथे मळसूत्रासारख्या वळलेल्या पांढऱ्या फुलांची एक आमरी उगवते. अर्धा तास तिच्यापाशी थांबून त्यांनी तीन भुंगमाश्या येताना पाहिल्या. प्रत्येक माशी तुऱ्याच्या तळापासून वर वर जाई. खालची जुनी फुले पराग स्वीकारण्यास सज्ज असतात आणि वरची नवी फुले पराग देण्यास. म्हणून माशी एका तुऱ्याच्या शेंड्यावरून उचललेला पराग दुसऱ्या तुऱ्याच्या पायथ्याशी नेऊन ठेवते आणि बीज परक्या रोपाच्या परागाने धरते.

घरची मुलेही या कामात सामील झाली. पुढे ज्योतिर्गणितात नाव मिळवलेला मुलगा जॉर्ज याने एका चिमुकल्या आमरीवर बसून पराग नेणारे इवलेसे कीटक शोधून काढले. वडिलांनी आपल्या ग्रंथात त्याच्या निरीक्षणाची नोंद त्याच्या नावानिशी केली. मुलाने पाहिलेले आपण पाहिले असे सांगण्याचा मोह अनेक विद्वानांना आवरलेला नाही. या विद्वानाला तो शिवलाही नाही.

हा ग्रंथ १५ मे १८६२ रोजी प्रसिद्ध झाला. वरकरणी तो फुलांचा. पण डार्विन यांच्या मनात त्याचे प्रयोजन खोल होते. समोरून चाल करून येणाऱ्या विरोधकांना त्यांनी येथे बगलेतून गाठले. फुलातील प्रत्येक चमत्कारिक अवयव नव्याने घडवलेला नाही. जुनाच अवयव थोडाथोडा बदलून नव्या कामी लागलेला आहे, हे त्यांनी एकामागून एक जातीत दाखवून दिले. आपल्याकडे जुना वाडा उतरवला की त्याची तुळई नव्या घराचा उंबरा होते आणि दाराच्या फळ्यांचा पाट होतो. निसर्गाचा संसार तसाच काटकसरीचा आहे. मादागास्करहून आलेल्या एका आमरीची मधाची नळी जवळजवळ एक फूट लांब होती. एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले तेव्हा काहींनी थट्टा केली. १९०३ साली तसा पतंग शास्त्रज्ञांनी नोंदवला. तेव्हा भाकीत करणारा जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

मात्र सर्वच ठिकाणी त्यांचे अनुमान बरोबर ठरले असे नाही, आणि हे सांगितल्यावाचून चरित्र प्रामाणिक होणार नाही. काही आमरींच्या नळीत मध मुळीच नसतो. फूल कीटकाला निव्वळ फसवते ही गोष्ट डार्विन यांना पटेना. हजारो पिढ्या कीटक असे फसत राहतील हे त्यांना अशक्य वाटे; नळीच्या आतील पापुद्र्यात रस असावा, असा तर्क त्यांनी केला. पुढच्या संशोधनाने दाखवले की अनेक आमरी खरोखरच फसवतात. काही तर कीटकाच्या मादीचे सोंग घेतात. दुसऱ्या एका फुलाच्या बाबतीत अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी त्यांची चूक दाखवली. चपलेसारख्या आकाराच्या त्या फुलात कीटक नुसती सोंड घालत नसून सगळाच आत शिरत असावा, असे ग्रे यांचे म्हणणे. डार्विन यांनी एक लहान माशी पकडून त्या फुलात सोडली. ती मागच्या वाटेने पराग माखून बाहेर आली आणि त्यांनी आपले पूर्वीचे मत आनंदाने सोडून दिले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. डार्विन यांनी एका सामान्य जमिनीवरील आमरीची बोंडे फोडून बिया मोजण्याचा खटाटोप केला. एका बोंडात सुमारे ६,२०० बिया आणि एका रोपावर तीस बोंडे. म्हणजे एका रोपाच्या सुमारे १,८६,००० बिया. प्रत्येक बी रुजली तर त्या एका रोपाची पणतवंडे पृथ्वीवरची जवळजवळ सारी जमीन झाकून टाकतील, असा हिशेब त्यांनी मांडला. मग तसे का होत नाही? ही आमरी रानोमाळ पसरण्याऐवजी ठराविक उतारावरच का दिसते? बी धुळीसारखी सूक्ष्म. तिच्यात अंकुराला पुरेल एवढाही शिधा नसतो. गहू, हरभरा यांच्या दाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते. आमरीची बी मात्र रिकाम्या हाताने घराबाहेर पडते. तिला पहिला घास कोण भरवतो?

१८६३ साली आपले परममित्र जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात डार्विन यांनी याचे उत्तर म्हणून एक तर्क कळवला. सिक्कीमच्या हिमालयात दोन वर्षे हिंडलेले आणि पुढे हिंदुस्थानच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध करणारे हूकर हे त्या काळचे सर्वात जाणते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांना डार्विन यांनी कळवले की, आमरीची रोपे बाल्यावस्थेत शेवाळ, बुरशी अशा फुले न येणाऱ्या क्षुद्र वनस्पतींवर पोसली जात असावीत, असा आपला ठाम विश्वास आहे. यासाठी आपल्याजवळ एकही पुरावा नाही, हेही त्याच पत्रात त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. त्याच वर्षी त्यांच्या घरी काचगृह उभे राहिले आणि क्यूच्या उद्यानातून त्यासाठी गाडीभर रोपे आली. पण आमरीच्या बीचे रहस्य मात्र त्यांच्या हाती लागले नाही.

या कामात त्यांचा एक पत्रस्नेही होता जॉन स्कॉट नावाचा तरुण माळी. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात राबणाऱ्या या माळ्याने डार्विन यांच्या ग्रंथातील एक चूक नम्रपणे पत्राने कळवली. जगप्रसिद्ध ग्रंथकाराने त्याचा राग मानला नाही. उलट बरोबरीच्या नात्याने त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, त्याच्या परागणाच्या प्रयोगांना उत्तेजन दिले आणि १८६४ साली तो हिंदुस्थानात येण्यास निघाला तेव्हा त्याला साहाय्य केले. हाच स्कॉट पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा क्युरेटर झाला. परमुलखात जाऊन रुजलेल्या माणसाची ही कथा आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी अशी आहे.

डार्विन यांचा तर्क खरा होता हे सिद्ध झाले ते ३ मे १८९९ रोजी. फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या जंगलात नोएल बर्नार या पंचविशीतील तरुणाला पाचोळ्याखाली दबलेल्या एका आमरीच्या देठावर रुजलेल्या बिया दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता प्रत्येक अंकुरात बुरशीचे धागे शिरलेले होते. तेच त्या अंकुराला अन्न पुरवत होते. बर्नार १९११ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. परंतु त्यांनी आमरीचे गुपित उघड केले. प्रत्येक आमरी मातीतील बुरशीच्या अदृश्य जाळ्याच्या आधाराने जन्मते, आणि जमिनीवरच्या अनेक जाती तर आयुष्यभर तो आधार सोडत नाहीत. १९२२ साली अमेरिकेत लुइस नडसन यांनी साखर मिसळलेल्या पोषक द्रव्यावर बुरशीवाचून आमरीची बी रुजवून दाखवली आणि रोपवाटिकांतून आमरीचे पीक घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता आपल्या अंगणातील कंद तिसऱ्या वर्षी का नाहीसा होतो, हे ध्यानी यावे. अशा आमरीचा कंद दरवर्षी झिजतो आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्षाचा नवा कंद भरतो. डोंगरावरून आणलेला कंद पहिल्या वर्षी गाठीच्या शिध्यावर फुलतो. परंतु त्याच्या मुळांभोवतीची माती आपण झटकून टाकलेली असते, आणि त्या मातीबरोबर त्याचे जन्माचे सोबतीही गेलेले असतात. नवा कंद पहिल्यापेक्षा लहान भरतो, त्याच्या पुढचा त्याहून लहान. वर आपण मायेने घातलेले रासायनिक खत आणि बुरशीनाशक औषध उरलासुरला आधारही तोडते. उन्हाळ्यात रोप निजले म्हणजे ते मेले असे समजून रोज पाणी घातले की कंद कुजतो.

यावरून हौशी बागवानांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, रानातील कंद उपटू नये. सालममिश्रीच्या नावाखाली अनेक देशांत असे कंद खणून त्या जाती दुर्मिळ झाल्या आहेत. कासचे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले असून तेथील रोपाला हात लावणे हा कायद्यानेही अपराध आहे. दुसरी, रोपवाटिकेत बीपासून वा फुटव्यांपासून तयार केलेली जमिनीवरील आमरी खुशाल लावावी. जांभळ्या फुलांची, नारळाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्यांची पाने असलेली स्पॅथोग्लॉटिस ही जात आता ठिकठिकाणी मिळते आणि आमच्या भागातही नीट येते. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात ही आमरी गुदमरते. म्हणून वाफा वीतभर उंच करावा. विटांचे तुकडे, जाड वाळू आणि चांगला कुजलेला पाचोळा एकत्र करावा. सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारची झळ लागणार नाही अशी जागा निवडावी. थंडीत पाणी अगदी बेताने द्यावे. कुंडी बदलताना मुळांची माती कधीही धुऊन वा झटकून टाकू नये. ती तशीच नव्या कुंडीत जाऊ द्यावी.

मातीकडे असे आदराने पाहण्यास ज्यांनी शिकवले, त्या डार्विन यांचा अखेरचा ग्रंथही मातीवरच आहे. १८८१ साली त्यांनी गांडुळांवर पुस्तक प्रसिद्ध केले. क्षुद्र समजला जाणारा हा जीव मातीचा कण न् कण पोटातून फिरवून जमीन कशी सुपीक करतो, याचे निरीक्षण ते सुमारे चाळीस वर्षे करत होते. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरी त्यांचे निधन झाले. गावच्या स्मशानभूमीत, मुलांच्या शेजारी त्यांना चिरनिद्रा मिळावी अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु राष्ट्राने त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत नेले. आमरीचा तो उतार आज राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जतन केला जात आहे, आणि उन्हाळ्यात तेथे आजही ती फुले येतात. डार्विन यांनी त्या फुलांचा अभ्यास केला, पण उतार उजाड केला नाही. त्यांच्या साऱ्या कीर्तीत हे लहानसे पुण्य आम्हाला फार मोलाचे वाटते.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे एक सूचना ठेवून लेखणी थांबवतो. मंडळाच्या आवारात, गणपतीच्या मांडवाला अडचण होणार नाही अशा कोपऱ्यात, जमिनीवरील आमरीचा एक वाफा करावा. त्याची निगा मुलांकडे सोपवावी; पेन्सिलीचा तो प्रयोग शिकवला की रानातल्या फुलाजवळही ती चौकसपणे थांबतील. आणि आषाढात एखाद्या रविवारी मुलांना जवळच्या रानात नेऊन गवतातील आमरी दाखवावी. ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी. आपले वाडवडील येथे आले तेव्हा भाषा, सण, ओव्या, लोणची, देवघर अशी आपली माती मुळांसकट घेऊन आले आणि ती झटकून टाकू नये म्हणून त्यांनी हे मंडळ काढले. ज्यांना मुळांभोवतीच्या मातीची किंमत कळली आहे, त्यांनी डोंगरावरच्या फुलालाही त्याच्या मातीतून उपटू नये, एवढेच मागणे.